हुकूमनाम्याच्या आधीच बिघडते ती पत

भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयाचा किंवा तुमसर, साकोली, पवनीच्या तालुका न्यायालयाचा बेलिफ गावात आला, की तो कुणाच्या दारात थांबतो याकडे साऱ्या टोलीचे लक्ष असते. समन्स कर्जवसुलीचे निघाले तर त्या घरातला पहिला प्रश्न ठरलेला: जमीन जाते का? गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याला दुसरा प्रश्न चिकटला आहे: सिबिल खराब होते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सापडते, दुसऱ्याचे २००५ च्या पत माहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यात. दोन्ही कायद्यांची कचेरी वेगळी, कागद वेगळे, आणि एका ठिकाणची नोंद दुसरीकडे आपोआप जात नाही. कर्जदाराचे खरे नुकसान याच अंतरात होते.

आधी सरळ उत्तर. भारतात व्यक्तीच्या पत अहवालात न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा स्वतंत्र रकाना नाही. वसुलीच्या दाव्याचा निकाल लागला म्हणून न्यायालय तो सिबिलला कळवत बसत नाही. माहिती पाठवतात त्या कर्ज देणाऱ्या संस्था: बँका, ग्रामीण बँका, सहकारी बँका, गृहवित्त आणि बिगर-बँक वित्त कंपन्या. ती जमा होते ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चार कंपन्यांकडे. लोकांच्या तोंडी मात्र चौघींना मिळून ‘सिबिल’ हे एकच नाव आहे. ३०० ते ९०० च्या दरम्यानचा जो आकडा शाखाधिकारी पडद्यावर पाहतो, तो या माहितीवरून निघतो. त्यात हुकूमनामा नसतो, पण हुकूमनाम्यापर्यंत नेणारी सगळी वाट असते.

ती वाट पाहिली की चित्र स्पष्ट होते. हप्ता किती दिवस उशिरा आला याची महिनावार नोंद मागच्या ३६ महिन्यांची दिसते. ९० दिवस हप्ता तुंबला की खाते अनुत्पादक होते. पीककर्जाचा हिशेब हंगामावर चालतो. धानासारख्या कमी मुदतीच्या पिकासाठी परतफेडीच्या तारखेनंतर दोन हंगाम उलटले की ते कर्ज अनुत्पादक धरतात. इथवर कोर्टाचा संबंध आलेलाच नसतो. बँक दावा लावते ती बहुधा याच्याही पुढे, नोटिसा देऊन झाल्यावर, कधी तर तीन वर्षांची मुदत संपत आल्यावर. दावा दाखल झाला की बँक त्या खात्यासमोर ‘सूट फाइल्ड’, म्हणजे दावा दाखल, असा शेरा पाठवू शकते. पुढे निकाल लागतो, हुकूमनामा होतो, आणि अहवालात नवे काहीच चढत नाही. जुनी थकबाकी आणि जुना शेरा तसाच राहतो. समन्स हातात पडते तेव्हा पतीचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. माणूस कोर्टाला घाबरतो, पण त्याची पत त्याआधीच, कुणी दार न वाजवता, गेलेली असते.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात ही तारखांची गोष्ट फार बोचते. आधारभूत खरेदी केंद्रावर धान मोजून दिले तरी चुकारा हातात कधी पडेल याचा भरवसा नसतो. सोसायटीची आणि बँकेची तारीख मात्र पक्की असते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज शून्य पडते. वेळ चुकली की सवलत जाते आणि उशिराचे दिवसही मोजले जातात. म्हणून गावोगाव कर्ज ‘नवे-जुने’ करण्याची धडपड चालते. आठ-पंधरा दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, बँकेत भरायचे, नवे कर्ज उचलून उसने फेडायचे. ज्याच्याकडून हे उसने घेतले त्याचेच पैसे राहिले, तर पुढचा दावा तो लावतो. आणि इथे या प्रश्नाला मोठे वळण मिळते.

कारण हुकूमनाम्याचा पतीवर परिणाम काय होतो, हे बहुतांशी पैसे कुणी दिले होते यावर ठरते. नातेवाईक, शेजारी, धानाचा व्यापारी, कृषी केंद्राचा मालक, परवानाधारक सावकार यांपैकी कुणीही २००५ च्या कायद्याच्या अर्थाने पत देणारी संस्था नाही. त्यांनी न्यायालयातून पाच लाखांचा हुकूमनामा मिळवला तरी कर्जदाराचा सिबिलचा आकडा एकाने हलत नाही. विनापरवाना सावकाराला तर हुकूमनामाच मिळू नये अशी तजवीज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये आहे. कर्ज देताना त्याच्याकडे वैध परवाना होता अशी खात्री झाल्याखेरीज न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देऊ नये, असे तो कायदा सांगतो. प्रतिवादीने तारखेला हजर राहून हा मुद्दा मांडला तर दावा तिथेच अडतो. घरी बसून राहिल्यास तो न्यायाधीशांसमोर कदाचित येतही नाही.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. भंडारा, तुमसर, लाखनीच्या बाजारपेठेत पतसंस्थांचे फलक जागोजागी दिसतात, आणि त्यांच्या थकीत कर्जदाराला बहुधा दिवाणी न्यायालय पाहावेच लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था तालुक्याच्या निबंधक कार्यालयात अर्ज करते, चौकशी होते आणि वसुली दाखला निघतो. गावच्या बोलीत याला ‘१०१ लागणे’ म्हणतात. हा दाखला न्यायालयाचा निकाल नसला तरी ताकदीने त्याहून कमी नाही. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी त्याची वसुली होते, आणि त्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करायचा तर देण्याची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. २००५ च्या कायद्यातल्या पत देणाऱ्या संस्थांच्या यादीत सहकारी बँक आहे, पतसंस्थेचे नाव नाही. त्यामुळे पतसंस्थेचे १०१ अंगावर असलेल्या माणसाचा सिबिल आकडा पावणेआठशे असू शकतो, आणि पतसंस्थेची पै-पै वेळेवर फेडलेल्या बाईच्या अहवालात त्या प्रामाणिकपणाची एक ओळही नसते. दुसरी बाब पहिलीइतकीच अन्यायाची आहे, पण तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

तिसरा प्रकार ट्रॅक्टर, दुचाकी आणि मालवाहू गाड्यांच्या कर्जांचा. बिगर-बँक वित्त कंपनीच्या करारात लवादाचे कलम बारीक अक्षरात असते. थकबाकी झाली की चेन्नई किंवा मुंबईतला लवाद निवाडा देतो, आणि लवाद कायद्याच्या कलम ३६ मुळे तो हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. सुंदरम फायनान्स विरुद्ध अब्दुल समद या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असा निवाडा जिथे मालमत्ता आहे त्या न्यायालयात थेट बजावणीसाठी नेता येतो. मूळ ठिकाणच्या न्यायालयातून वर्ग करून आणण्याची गरज नाही. त्यामुळे मोहाडीच्या शेतकऱ्याला खटला चालल्याचे कळते ते बजावणीची नोटीस आल्यावर. निवाड्याला आव्हान द्यायची मुदत तीन महिने, फार तर आणखी ३० दिवस. कंपनीने एकतर्फी स्वतःच्या मर्जीचा एकमेव लवाद नेमला असेल तर ती नेमणूक टिकत नाही, असे पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २०१९ मध्ये ठरले आहे. हा बचाव गरिबाच्या फार कामाचा आहे. तो सांगणारा वकील वेळेत भेटला पाहिजे एवढेच.

जगात सगळीकडे असे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये काउंटी कोर्टाचा पैशाचा निकाल सार्वजनिक नोंदवहीत चढतो आणि सहा वर्षे पत अहवालात दिसतो. महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंद काढून टाकतात. अमेरिकेत निकालांच्या नोंदी अहवालात वर्षानुवर्षे होत्या. पण नाव आणि पत्ता यांखेरीज ओळख पटवणारा तपशील कोर्टाच्या कागदांत नसल्याने भलत्याच माणसाच्या नावावर निकाल चढत. जुलै २०१७ पासून तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांनी जवळपास सगळे दिवाणी निकाल अहवालांतून वगळले. भंडाऱ्यात या अनुभवाला महत्त्व आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव टाकून खटला शोधता येतो, आणि मोठे कर्ज देताना तसे शोधले जातेही. मेश्राम, रामटेके, कापगते, बावनकर अशी आडनावे जिथे गावागणिक भेटतात, तिथे नाव, वडिलांचे नाव आणि तालुकाही जुळणारी दोन माणसे सहज निघतात. सिबिलच्या नोंदीला पॅन क्रमांक असतो, खटल्याच्या शीर्षकाला नसतो. एकाचा दावा दुसऱ्याच्या कर्जाआड येऊ नये म्हणून शाखाधिकाऱ्याने खटल्याचा क्रमांक दाखवून अर्जदाराला विचारणे हा साधा शिरस्ता असायला हवा.

सिबिल येण्याच्या फार आधीपासून गावाकडे पतीची एक नोंदवही होती आणि आजही आहे: सातबारा. हुकूमनामा झाल्यावर धनको दरखास्त, म्हणजे बजावणीचा अर्ज, दाखल करतो. न्यायालयाने जमिनीवर जप्ती आणली की तिची नोंद फेरफारातून सातबाराच्या इतर हक्कांत येते. जप्तीनंतर त्या जमिनीची खासगी विक्री धनकोच्या हक्काला बाधा आणू शकत नाही. मग सिबिल कितीही चांगले असो, सातबाऱ्यावर बोजा असलेल्या माणसाला तारण कर्ज कुणी देत नाही. सावकाराचा किंवा पतसंस्थेचा वसुलीचा आदेश सिबिलला चुकवतो, पण तलाठ्याच्या दप्तरातून माणसाला गाठतो. शेतकऱ्यासाठी पत अहवाल दोन आहेत, आणि त्यातला जुना अजून जड आहे.

बेलिफ दारात आल्यावरच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हुकूमनामा १२ वर्षे बजावता येतो. निकालानंतरचे व्याज न्यायालय साधारणपणे वर्षाला सहा टक्क्यांपर्यंत देते. व्यापारी व्यवहारात ते कराराच्या दरापर्यंत जाऊ शकते. एक लाख मुद्दलावर सहा टक्क्यांनी बारा वर्षांचे सरळ व्याजच ७२ हजार होते. पण काय जप्त करता येत नाही याचीही यादी संहितेच्या कलम ६० मध्ये आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेला लागणारी जनावरे, बी-बियाणे, तो स्वतः राहतो ते घर, कारागिराची हत्यारे, निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी यांना हात लावता येत नाही. म्हणजे आंधळगावच्या कोसा विणकराचा माग साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात सुरक्षित आहे. शेतजमीन मात्र या यादीत नाही, आणि स्वखुशीने तारण लिहून दिलेल्या मालमत्तेचा न्यायही वेगळा आहे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ चे निराळे संरक्षण आहे.

नोकरदाराचा हिशेब आणखी नेमका. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला कामगार असो, चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतला असो की जिल्हा परिषदेचा शिक्षक, पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त असतो. जप्तीला पात्र पगार ४० हजार धरला तर महिन्याला १३ हजार कापले जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने चालली की त्या हुकूमनाम्यासाठी ती कायमची थांबते. पहिल्या हजाराची ही मर्यादा १९९९ च्या दुरुस्तीतली आहे. पाव शतकात सगळे भाव कुठल्या कुठे गेले, ती रक्कम तशीच आहे. ती वाढवायला हवी, हे कुणीही मान्य करील.

तुरुंगाची भीती अजून घातली जाते. पाच हजारांवरच्या हुकूमनाम्यासाठी तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते हे खरे, पण पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. आणि जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या १९८० च्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी लिहिले आहे, की केवळ ऐपत नाही म्हणून कुणाला कैदेत टाकता येत नाही. ऐपत असून हेतुपुरस्सर न देण्याचा पुरावा लागतो. धनादेश न वटल्याचा खटला याहून निराळा. तो फौजदारी आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. वसुली करणारे लोक ही दोन्ही प्रकरणे बोलताना मुद्दाम एकत्र करतात. बचत गटाच्या बायकांना त्यातला फरक कुणीतरी बसून समजावून सांगणे गरजेचे आहे.

जामीनदारांचे हाल सर्वांत वाईट. सही करताना चहा पाजला जातो, पुढे सगळे अंगावर येते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, हे करार कायद्याच्या कलम १२८ मध्ये आहे. आधी मूळ कर्जदाराकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असे जामीनदार म्हणू शकत नाही; बँक ऑफ बिहार विरुद्ध डॉ. दामोदर प्रसाद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते साफ केले. बँकेचे कर्ज असेल तर ते जामीनदाराच्या स्वतःच्या पत अहवालातही दिसते. एखाद्या शिक्षकाला मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे असते आणि आठ वर्षांपूर्वी मित्राला दिलेली सही आड येते. हुकूमनामा दोघांवर होतो, आणि पगार ज्याचा आहे त्याच्याकडूनच आधी वसूल होते, कारण ते सोपे असते.

कर्जवसुलीचे कितीतरी दावे एकतर्फी निकाली निघतात. माणूस तारखेला जात नाही. कधी समन्स पोचत नाही, कधी घर बंद असते कारण कुटुंब कामासाठी नागपूरकडे गेलेले असते, आणि बऱ्याचदा पैसे तर घेतलेच होते, जाऊन काय बोलणार, या संकोचाने. पण हजर राहिलेल्या प्रतिवादीला हप्ते मागता येतात, व्याजाच्या आकड्यावर बोट ठेवता येते, मुदत उलटल्याचा मुद्दा काढता येतो, भरलेल्या पावत्या दाखवता येतात. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समन्स बजावलेच नसेल तर ते दिवस माहिती झाल्यापासून मोजतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साध्या कर्जाचा दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपली तर न्यायालयातला मार्ग बंद होतो, पत अहवालातली थकबाकी मात्र त्यामुळे पुसली जात नाही. बँकेने कर्ज ‘राइट-ऑफ’ केले म्हणजे माफ केले असेही नाही. तो बँकेच्या ताळेबंदातला व्यवहार आहे, आणि कर्जदाराच्या अहवालात तो सर्वांत वाईट शेऱ्यांपैकी एक ठरतो.

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी भंडाऱ्याच्या न्यायालयाच्या आवारात बँकांची टेबले लागतात. दाखलपूर्व आणि दाखल प्रकरणे तडजोडीने मिटतात, व्याज सोडले जाते, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. ही व्यवस्था चांगली आहे. तिचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नसते, भरलेली न्यायालयीन फी परत मिळते. १९३३ साली मध्य प्रांताने, ज्यात तेव्हा भंडारा होता, कर्ज तडजोडीचा कायदा करून सावकार आणि शेतकऱ्याला मंडळापुढे समोरासमोर बसवले होते. त्या परंपरेला शोभणारे हे काम आहे. पण कर्जदार घरी जातो तो सगळे मिटले असे समजून, आणि तिथे तो फसतो. बँकेने येणे रकमेतून काही सोडून खाते बंद केले असेल तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. पूर्ण फेड करून ‘बंद’ झालेले खाते आणि ‘सेटल्ड’ खाते यांत पुढच्या बँकेच्या दृष्टीने फार अंतर आहे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकानुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला त्या संस्थेने नवे कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबायचे आहे. शेतकर्जासाठी हा काळ संस्थेच्या संचालक मंडळाच्या धोरणावर सोडला आहे. सही करण्यापूर्वी ही गोष्ट कर्जदाराला मराठीत वाचून दाखवली जावी. दहा हजार वाचवायचे की पत वाचवायची हा निर्णय त्याचा आहे. तो त्याने डोळे उघडे ठेवून घ्यावा.

दुसरी फसगत पैसे न्यायालयाबाहेर देण्यात होते. हुकूमनामा झाल्यावर वादीच्या घरी जाऊन रक्कम दिली, पावती घेतली किंवा तीही घेतली नाही, आणि माणूस विसरला. संहितेतला आदेश २१, नियम २ सांगतो की अशी परतफेड न्यायालयात नोंदवली गेली पाहिजे. न नोंदवलेली परतफेड दरखास्त चालवणारे न्यायालय विचारात घेत नाही. कर्जदाराने नोंदीचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. वादी वारला, मुलांनी जुना हुकूमनामा काढून पुन्हा दरखास्त लावली, तर तोंडी साक्षीने काही साधत नाही.

दरखास्ती तरी किती तुंबल्या आहेत पाहा. पेरियम्मल प्रकरणात मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावणीचे अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आढावा घेतला तेव्हा देशात ८ लाख ८२ हजारांवर असे अर्ज प्रलंबित निघाले, आणि त्यात सर्वाधिक, ३ लाख ४१ हजारांच्या आसपास, महाराष्ट्रातले होते. धनकोला पैसे मिळत नाहीत आणि ऋणकोची सुटका होत नाही. इतका काळ लोंबकळलेल्या खात्यात व्याज वाढते, जमिनीवरचा बोजा राहतो, अहवालातला शेरा राहतो. दोघांचेही यात नुकसान आहे. कायमचे हात वर करण्याचा मार्ग, म्हणजे नादारी, व्यक्तींसाठी अजून १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यावरच चालतो. नव्या दिवाळखोरी संहितेतली लहान कर्जदाराला नव्याने उभे करणारी प्रकरणे २०१६ मध्ये संमत झाली, पण सामान्य माणसासाठी ती लागू केलेली नाहीत. हा विलंब समर्थनीय नाही.

दरम्यान सिबिलचा आकडा कर्जाच्या कक्षेबाहेर पसरतो आहे. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने खराब पत इतिहासामुळे बँकेने रद्द केलेली एका उमेदवाराची नेमणूक रद्दच ठेवली. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले होते की विद्यार्थ्याचा आकडा कमी आहे एवढ्यावर शिक्षण कर्ज नाकारू नये. महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिल मागणाऱ्या बँकांना गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ पत इतिहास नाही म्हणून नाकारू नये, ही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. इशाऱ्यांनी शाखेतली सवय बदलत नाही. शाखाधिकारी ‘सिबिल’ हा शब्द न उच्चारता ‘कागद अपुरे आहेत’ म्हणू शकतो. अर्ज लेखी घ्यावा, नकाराचे कारण लेखी मागावे, हाच यावरचा उपाय आहे.

चुकीच्या नोंदीशी लढायची साधने आता पूर्वीपेक्षा बरी आहेत. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा हक्क २०२४ च्या एप्रिलपासून आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी निघेल’ हे उत्तर चालत नाही. पत माहिती कंपन्यांविरुद्ध २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते.

कर्ज फिटले तरी नोंदी चार ठिकाणच्या आहेत आणि चारही आपणच काढून घ्यायच्या आहेत: बँकेकडून बेबाकी दाखला, न्यायालयाच्या दप्तरात परतफेडीची नोंद, तलाठ्याकडे बोजा कमी केल्याचा फेरफार, आणि पत अहवालात खाते बंद झाल्याचा व दाव्याचा शेरा निघाल्याचा बदल. आज ही सगळी पायपीट कर्जदाराच्या माथी आहे, आणि लाखांदूरच्या माणसाला त्यासाठी किती दिवसांची मजुरी बुडवावी लागेल याचा विचार कुणी केलेला नाही. यावर उपाय जिल्ह्यातच करता येण्यासारखा आहे. लोकअदालतीचा निवाडा पक्षकारांच्या संमतीच्या अटींवर लिहिला जातो. शेवटचा हप्ता मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत बँक पत माहिती कंपन्यांना सुधारित माहिती पाठवील, बोजा कमी करण्याचे पत्र देईल आणि न्यायालयात परतफेड नोंदवील, ही अट त्यात घालायला कोणताही नवा कायदा लागत नाही. भंडारा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आणि बँकांनी ती पुढच्याच लोकअदालतीच्या छापील नमुन्यात घालावी. आणि तोवर, टेबलासमोर बसलेल्या कर्जदाराने ती स्वतः मागून घ्यावी, लिहून झाल्याशिवाय सही करू नये.